आधी पंचनामा

भिकननानांनी मला पहिला धडा दिला तेव्हा माझी कॉलर त्यांच्या मुठीत होती आणि माझ्या टाचा जमिनीवरून सुटल्या होत्या.

"मुडदा उचलाले तुले कोनी सांगं?" त्यांनी अहिराणीत विचारलं. आवाज मुळीच चढलेला नव्हता आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मुडदा माणसाचा नव्हता, हे आधी सांगून टाकतो. आमचं ऑफिस जळगावला, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर आम्ही चालवायचो. केळीचा ट्रक किंवा कापसाचं ट्रॅक्टर काट्यावर चढलं की वजन इंटरनेटवरून मुंबईकडच्या भाड्याच्या मोठमोठ्या संगणकांवर जायचं, ज्याला सगळे क्लाउड म्हणतात, आणि तिथून पावती काट्यावर छापून यायची. त्या संगणकांत आमचा प्रोग्रॅम एका जागी नसे, छोट्या छोट्या बंद डब्यांत वाटलेला असे. डब्याला म्हणायचं कंटेनर आणि डब्यांच्या कळपाला क्लस्टर. एखादा डबा आजारी पडला की कळपाचा राखणदार, तोही एक प्रोग्रॅमच, त्याला मारतो आणि क्षणात त्याच्या जागी तसाच नवा उभा करतो. मेलेल्याचं नामोनिशाण उरत नाही. त्यामुळे या धंद्यातल्या माणसाला एक वाईट खोड लागते. काही बिघडलं की काळा पडदा उघडायचा, डबा मारायची आज्ञा टाईप करायची आणि चहाला जायचं. नवा डबा येतो, काम चालू होतं. बिघडलं काय होतं ते कोणाला कळत नाही, आणि आठवड्याने तोच बिघाड पुन्हा दारात उभा राहतो.

मी नोकरीच्या सुरुवातीलाच नेमकं हे केलं. चाळीसगावचा एक काटा अडला, तिकडून शिव्यांचे फोन सुरू झाले आणि मी डबा मारून मोकळा झालो. काटा चालूही झाला. आता शाबासकी मिळणार म्हणून मागे वळलो तर नाना.

"तो काब्र मरना, काय कारन व्हतं, इचारं का तू त्याले?"

"पण नाना, चालू झालं ना..."

"चालू व्हयनं म्हणे!" त्यांनी मला सोडलं, समोरचा कीबोर्ड उचलला आणि टेबलाच्या कडेवर असा हाणला की बटणं उडून जिन्यापर्यंत गेली. मग शांतपणे आतून दुसरा कीबोर्ड आणला, माझ्यासमोर ठेवला, त्याची वायरही स्वतः लावून दिली आणि म्हणाले, "आधी इचार. मंग मार. डोकामा ठेव."

या एका वाक्यासाठी त्यांनी एक हत्यार लिहिलं होतं, आणि त्याचं नावच होतं पंचनामा. जगभर ज्या आज्ञेने लोक डबे हाकतात, तिलाच जोडलेली ही जादा आज्ञा. आमच्या भाषेत प्लगइन. नेहमीची आज्ञा, तिच्यापुढे इंग्रजी अक्षरांत पंचनामा आणि डब्याचं नाव एवढं टाईप केलं की ते आजारी डब्याभोवती पहारा बसवायचं. मग राखणदाराला तो मारता येत नसे आणि आम्हालाही नसे. पुढे ते डब्याला प्रश्न विचारायचं, शेजारच्या डब्यांना विचारायचं आणि जबाब पडद्यावर मांडायचं. मथळे नानांनी मराठीत घातले होते. डब्याने अडताना किंवा मरताना जे लिहून ठेवलं ते 'शेवटचे शब्द', आणि त्या वेळी आसपास जे घडलं ते 'साक्षीदार'. एखाद्याला कामापुरती मेमरी मिळाली नाही तर खाली शेरा यायचा, 'उपाशी मेला'. पुण्याहून एकदा एक साहेब आमचं काम बघायला आले होते, ते हे वाचून खो खो हसले. नानांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. साहेब जेवायला म्हणून बाहेर गेले ते परत आलेच नाहीत.

या सगळ्याला दोन-तीन मिनिटं लागायची. त्या दोन-तीन मिनिटांवरून आमच्याकडे जितकी भांडणं झाली तितकी पगारावरूनही झाली नसतील.

नाना एरंडोलजवळच्या एका खेड्यातले, तालमीत वाढलेले. कुस्तीने कान चुरगळलेले, मान खांद्यांत बसलेली. धुळ्याला इंजिनिअर झाले, पुण्याला मोठ्या कंपनीत लागले, आणि तिथल्या वरिष्ठाला खुर्चीसकट काचेच्या दारातून बाहेर काढल्यामुळे जळगावला आले. ही हकिकत ते स्वतःच रंगवून सांगत आणि शेवटी दर वेळी म्हणत, "दार बंद शे, हाई माले काय माहीत?" दुपारच्या डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. कांद्याला सुरी लावलेली मी कधी पाहिली नाही. टेबलावर कांदा ठेवायचा आणि बुक्की घालायची. आमची दोन टेबलं त्या कांद्यांनी खिळखिळी केली. रस्त्यात कोणी जीपला आडवं आलं तर नाना हॉर्न वाजवत नसत, खाली उतरत. ते उतरले की मी शेजारच्या सीटवर डोळे मिटून घ्यायचो.

हाच माणूस पडद्यासमोर बसला की वेगळा व्हायचा. आजारी डबा दिसला की खुर्ची पुढे ओढायचे आणि इतक्या हळू बोलायचे की शेजारी बसल्याशिवाय ऐकू येऊ नये. "काय व्हयनं रे बापा तुले? सांग. माले सांग." आजारी वासराशी माणूस बोलतो तसं. आम्ही त्यांच्यावर हसायचो, अर्थात त्यांची पाठ असताना.

धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये घडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कापसाचा हंगाम, गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत आणि काटा अडलेला. आम्ही दोघं तिथेच होतो. नानांनी पंचनामा लावला तेवढ्यात जिनिंगचा मालक दोन माणसं घेऊन काट्याच्या खोलीत शिरला. एकाच्या हातात पहार होती.

"चालू करा," मालक म्हणाला.

"पंचनामा चालू आहे शेठ. दोन मिनिटं," नाना म्हणाले. गिऱ्हाइकाशी ते शुद्ध बोलत.

"तुझ्या पंचनाम्याच्या..." मालकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत पहार टेबलावर पडली, लॅपटॉपच्या वीतभर बाजूला. नाना हलले नाहीत. दुसरा घाव त्यांच्या खांद्यावर बसला आणि तिसऱ्याला त्यांच्या नाकातून रक्त आलं. तेव्हा मात्र नाना उठले. पहारवाल्याचं मनगट त्यांनी धरलं आणि आतून काडकन आवाज आला. दुसऱ्याचं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं, एकदा आणि पुन्हा एकदा. मालक पाठमोरा न होता, उलट्या पावलांनीच खोलीबाहेर गेला. मी कोपऱ्यात लॅपटॉप छातीशी धरून उभा होतो.

नाना परत बसले. नाकाचं रक्त कीबोर्डवर टपकत होतं, ते एका हाताने पुसत त्यांनी शेवटचे शब्द वाचले. डबा उपाशी मेला होता. जिनिंगवाल्यांनीच सकाळपासून दुसऱ्या काट्यावरून शेकडो जुन्या पावत्या पुन्हा छापायला लावल्या होत्या, त्या ओझ्याने. नानांनी मालकाला परत आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि हे सगळं त्याला अगदी आदबीने समजावून सांगितलं. नंतर मनगट मोडलेल्या त्या माणसाला स्वतःच्या जीपमध्ये घालून हाडाच्या डॉक्टरकडे नेलं आणि प्लास्टर होईपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहिले.

डॉक्टरकडून परतताना मी धीर करून म्हणालो, "नाना, त्याला पण आधी विचारायचं होतं की."

"त्यानी इचारं का माले?" ते म्हणाले, आणि विषय संपला.

नानांचं घर धुळ्यालाच. कमलअक्का, म्हणजे त्यांची बायको, तिथल्या शाळेत शिक्षिका होत्या, आणि नाना जळगावला खोली घेऊन राहत. त्या दिवशी आम्ही घरी गेलो तेव्हा अक्कांनी दारातच त्यांचा खांदा पाहिला, काही विचारलं नाही, हळद गरम करायला ठेवली. सवयच झाली असावी. नाना आंघोळीला गेल्यावर मी त्यांना विचारलं की एवढा 'आधी विचार'चा जप करणारा माणूस असा कसा.

"तो नियम त्यांनी डब्यांसाठी केलाय," अक्का म्हणाल्या. "माणसांसाठी करायला उशीर झाला त्यांना."

मग त्यांनी मोटारीची गोष्ट सांगितली. नानांचा धाकटा भाऊ गुलाब तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. विहिरीत दोरावर सोडलेली पाण्याची मोटार एका सकाळी जागेवर नव्हती. गावात कोणीतरी म्हणालं की गुलाब मित्रांबरोबर बाजारात फिरताना दिसला, म्हणजे मोटार त्यानेच विकली असणार. नाना तालमीतून घरी आले तेव्हा गुलाब जेवत बसला होता. नानांनी एक शब्द विचारला नाही. उभ्याउभ्याच त्याच्या डाव्या कानाखाली ठेवून दिली. पोरगं ताटात पडलं, कानातून रक्त आलं, आणि त्या कानाने त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. पुढच्या आठवड्यात विहिरीचं पाणी उतरलं तेव्हा मोटार दिसली. दोर कुजून ती गाळात गेली होती.

"यांनी कधी माफी मागितली नाही, आणि गुलाबभाऊंनी कधी बोलूनही दाखवलं नाही," अक्का म्हणाल्या. "फक्त तेव्हापासून ते यांच्या शेजारी बसताना तोच कान यांच्याकडे करून बसतात. तुम्ही बघा कधी."

मी पुढे बघितलं आणि ते खरं होतं. गुलाबभाऊंना नानांनीच सावद्याच्या रस्त्यावरच्या एका काट्यावर नोकरीला लावलं होतं. आम्ही तिथे गेलो की ते चहा मागवत, खुर्ची देत, आणि मग स्टूल फिरवून डावा कान नानांकडे करून बसत. नाना बोलायचे त्यातलं अर्धं त्यांच्यापर्यंत पोचत नसे. इतर कोणी दोनदा सांगायला लावलं तर अंगावर धावून जाणारे नाना तिथे तेच तेच तीनदा सांगत.

ज्या दिवसासाठी हे सगळं सांगतोय तो केळीच्या मोसमातला. नाना आणि मी भुसावळला एका गिऱ्हाइकाकडे होतो, दुपारची वेळ. नानांचा फोन वाजला. पलीकडे आधी काच फुटल्याचा आवाज आला आणि मग गुलाबभाऊंचा.

"नाना, ह्या माले मारी टाकतीन."

झालं होतं ते असं. केळीने भरलेला एक ट्रक काट्यावर चढला. थेट काट्याला जोडलेल्या बाहेरच्या पाटीवर लाल आकड्यांत एक वजन दिसत होतं आणि गुलाबभाऊंच्या हातातल्या पावतीवर दुसरंच, बरंच कमी, आधीच्या गाडीचं होतं ते. ड्रायव्हरने त्यांना विचारलं, पण डाव्या बाजूने विचारलं. गुलाबभाऊंना ऐकू आलं नाही आणि ते खाली मान घालून पुढची पावती फाडत राहिले. ड्रायव्हरला वाटलं, हा काटाही मारतो आणि वर माजही दाखवतो. त्याने खांद्याला धरून त्यांना बाहेर ओढलं आणि पहिला तडाखा दिला. मग रांगेतल्या ज्याला ज्याला त्या काट्याबद्दल कधीतरी शंका आली होती, त्या सगळ्यांना ती त्याच क्षणी आठवली. गुलाबभाऊ कसेबसे खोलीत शिरले आणि त्यांनी लोखंडी गजांच्या दाराला आतून कडी घातली.

जीप नाना चालवत होते, मी फोन धरला होता. पोलिसांना कळवलं. ते निघतो म्हणाले. मग ऑफिसला लावला. ड्युटीवर स्नेहल होती, अमळनेरची, इतकी हळू बोलणारी की मीटिंगमध्ये सगळे तिला दोनदा विचारत. तिच्या मागून आमच्या मालकांचा आवाज आला. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. "सावद्याचा डबा मारून टाक आधी. काटा चालू झाला की गर्दी आपोआप पांगेल."

"नाही!" नाना ओरडले तेव्हा जीप रस्ता सोडून मुरमावर गेली. त्यांनी ती परत वर घेतली. मग ते जे बोलले ते अगदी सावकाश आणि स्वच्छ मराठीत, अहिराणीचा एक शब्द नाही. मी इतका कधी घाबरलो नव्हतो.

"सर, डबा मारला तर नवा येईल. नवा आला की पुढची पावती बरोबर येईल. पावती बरोबर आली की यंत्र चांगलं ठरेल, आणि यंत्र चांगलं ठरलं की माझा भाऊ चोर ठरेल. तिथल्या तिथे त्याला मारून टाकतील. डबा आजारी आहे तसाच जिवंत राहिला पाहिजे. स्नेहल, पंचनामा लाव. आणि तो काटा त्याच डब्याशी बोलत राहील असं बघ."

"लावते नाना," स्नेहल म्हणाली.

"स्नेहल, बाजूला हो तू," सर म्हणाले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ठण्ण असा आवाज आणि सरांची किंकाळी. फोन बंद झाला. सरांचा हात कीबोर्डकडे गेला होता आणि स्नेहलने आपली पाण्याची स्टीलची बाटली त्यांच्या बोटांवर हाणली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

काट्यावर पोचलो तेव्हा पोलिसांचा पत्ता नव्हता. खोलीच्या खिडकीला काच उरली नव्हती, नुसते गज होते. गजांतून केळी कापायचा विळा आत फिरत होता. दोघं-तिघं दगड मारत होते आणि एकजण जॅकच्या दांड्याने दाराची कडी ठोकत होता. आत गुलाबभाऊ भिंतीला चिकटून उभे होते. त्यांचा एक हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळलेला होता. नाना जीपमधून उतरले. मला वाटलं, आता इथे मुडदे पडणार, आणि खोटं कशाला बोलू, ते पडावेत असंच त्या क्षणी मला वाटलं.

नाना गर्दीत घुसले. कोणाला मारलं नाही, फक्त खांद्याने सारत दारापर्यंत गेले. दांडेवाल्याला बाजूला ढकललं, दाराला पाठ लावली, दोन्ही हात मागे नेऊन दाराचे गज धरले आणि म्हणाले, "मी त्याचा भाऊ. मला मारा. त्याला दोन मिनिटं नको."

आणि लोकांनी त्यांना मारलं. पहिली लाथ पोटात बसली. दगड भुवईवर लागला आणि डोळा रक्ताने भरला. विळ्याची उलटी बाजू मानेवर, मग गालावर. दांडेवाला बाजूने आला आणि त्याने गजांवर घाव घातला, गजांवरच्या बोटांवर. मी तो आवाज ऐकला. नानांनी गज सोडले नाहीत. आयुष्यभर कोणाचा धक्कासुद्धा परत केल्याशिवाय न राहिलेला माणूस हात मागे धरून मार खात होता. मी मध्ये पडायला गेलो तर कानशिलात बसून मी चाकाशी पडलो. तिथूनच ओरडत होतो, आणि रडतही होतो.

खिशातला फोन थरथरला. स्नेहलचा निरोप होता. पहारा बसला, डबा जिवंत, आणि खाली शेवटचे शब्द: 'नवीन वजन आले नाही. मागचेच वजन दिले.'

"यंत्राची चूक आहे!" मी बोंबललो. "यंत्र मागच्याच गाडीचं वजन देतंय!"

"हा कंपनीचाच माणूस शे, हाना रे याले पन," कोणीतरी म्हणालं.

नाना दाराशी खाली सरकले होते. तोंडातलं रक्त थुंकून ते म्हणाले, "मग तुम्हीच बघा. ट्रक खाली घ्या. गुलाबला बाहेर काढा, दूर उभं करा. बटण तुमच्यातलाच दाबेल. मी काट्यावर उभा राहतो."

हमालांचा मुकादम होता तिथे, पांढऱ्या टोपीचा म्हातारा. सगळे त्याला आबा म्हणत होते. तो बराच वेळ नुसता बघत उभा होता. आता पुढे आला आणि म्हणाला, "थांबा रे भो. काय म्हनते ते पाहू तर द्या."

ट्रक उतरवला. गुलाबभाऊंना दोघांनी धरून लिंबाच्या झाडाखाली उभं केलं. नाना लंगडत गेले आणि त्या लांबरुंद रिकाम्या काट्याच्या मधोमध एकटे उभे राहिले. बाहेरच्या पाटीवर लाल आकड्यांत त्यांचं स्वतःचं वजन आलं, एका पैलवानाचं. ज्या ड्रायव्हरने पहिला हात टाकला होता तोच आत गेला आणि त्याने बटण दाबलं. पावती निघाली. त्याने ती वाचली, नानांकडे बघितलं, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. अकरा टन.

"माले पाहू दे," म्हणत आबा स्वतः काट्यावर चढला. नानांना त्याने खाली उतरवलं. पावती आली. अकरा टन.

"मी बी अकरा टन काय रे?" आबाने आपल्या काटकुळ्या देहाकडे बघत विचारलं. रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. दांडेवाल्याने दांडा ट्रकखाली टाकून दिला. कोणी माफी मागितली नाही, माणसं एकेक करून आपापल्या गाडीकडे वळली. तो ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन गुलाबभाऊंजवळ गेला आणि म्हणाला, "बोलना था ना, भाई." तो त्यांच्या डाव्या बाजूला उभा होता, त्यामुळे त्यांना तेही ऐकू गेलं नाही.

नानांनी डाव्या हाताने माझ्याकडून फोन घेतला. उजव्याची बोटं आता बोटांसारखी दिसत नव्हती.

"स्नेहल, आते मार त्याले," ते म्हणाले, आणि काट्याच्या कडेवर बसले.

पंचनाम्यात पुढे सगळं निघालं. पूर्वी वजन आलं नाही तर कोरी पावती निघायची. कोऱ्या पावतीवर गिऱ्हाइकं बोंबलायची. म्हणून सरांनी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालून घेतली होती: वजन आलं नाही तर मागचंच छाप. गिऱ्हाइकाला कोरं दिसू नये, एवढाच हेतू.

नाना हाताला प्लास्टर आणि डोळ्यावर पट्टी घेऊन ऑफिसात आले तेव्हा आम्ही सगळे उभे राहिलो. ते थेट सरांच्या टेबलासमोर गेले. सरांच्याही दोन बोटांना बँडेज होतं.

"ती ओळ का घातली?" नानांनी विचारलं.

सर सांगायला लागले. गिऱ्हाइकांच्या शिव्या, सुटून चाललेले काटे, आमचेच पगार, आपला हेतू. बरंच बोलले. नानांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अजून काही सांगायचंय?"

"नाही," सर म्हणाले.

मग नानांनी डाव्या हाताने त्यांच्या कानाखाली वाजवली. चष्मा उडून जिन्यात पडला. नाना जेवणाचा डबा पिशवीत टाकून निघून गेले आणि नोकरी तिथेच संपली. ती ओळ स्नेहलने संध्याकाळच्या आत काढून टाकली. 

त्यानंतर मी नानांना एकदाच पाहिलं, धुळ्याला. आता पंचनामा बाहेरचेही लोक वापरू लागलेत आणि नाना घरूनच काम करतात. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. गुलाबभाऊ टाईप करतात, नाना सांगतात. मी गेलो तेव्हा नाना दूधवाल्याला फाटकाबाहेर घालवून नुकतेच परतले होते आणि दूधवाल्याची किटली रस्त्यात आडवी पडली होती. म्हणजे तब्येत सुधारली होती.

अंगणात बाजेवर गुलाबभाऊ मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते, नेहमीप्रमाणे डावा कान नानांच्या खुर्चीकडे. अक्का उरलेला चहा गाळत होत्या. नाना काहीतरी बोलले. गुलाबभाऊंनी मान वर केली नाही. नाना पुन्हा बोलले, तेही गेलं वाया. मी हातातला कप सावरून धरला, कारण अशा वेळी काहीतरी फुटतं.

नाना उठले. बाजेला वळसा घालून पलीकडे गेले आणि गुडघे धरत धरत गुलाबभाऊंच्या उजव्या कानाजवळ उकिडवे बसले.

"गुलाब, त्या दिन मोटार तू काढी व्हती का रे?"

अक्कांच्या हातातली गाळणी तशीच राहिली. गुलाबभाऊंनी लॅपटॉप मिटला. 

"आते इचारस, नाना?"

"हाव," नाना म्हणाले. "आते इचारस."

मी कप खाली ठेवला आणि चपला घालून निघालो. फाटक लावताना मागे बघितलं. गुलाबभाऊंनी अजून हो-नाही काही सांगितलं नव्हतं, आणि नाना तसेच उकिडवे बसून उत्तराची वाट बघत होते.